मासे न खाणाऱ्याचं जाळं

आमच्या बदलापूर गावातले जोगळेकरकाका स्कूटरच्या मागे मासेमारीचं जाळं बांधून खडकाळ माळावरून ओढत न्यायचे. वाटेत आधी बटाटे मांडलेले असत. किती जाळ्यात आले, किती खालून निसटले, ते वहीत लिहायचे. जन्मात मासा न खाल्लेला माणूस.

"काका, बटाटे कशाला?" मी एकदा विचारलं.

"तळाला चिकटून राहणारे मासे आहेत ते. संध्याकाळी भाजी."

काका अंबरनाथच्या रबराच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी मीरा समुद्रातल्या माशांची मोजदाद करणाऱ्या जहाजावर. समुद्राच्या खडकाळ तळावर जहाजाचं जाळं फाटायचं. वर उचलून धरलं तर मासे खालून पसार, मोजणी खोटी. म्हणून नकाशातला तेवढा तुकडा कोराच राहायचा.

काकांनी ठरवलं, जाळ्याच्या खालच्या काठाला रबराच्या जाड चकत्या ओवायच्या, म्हणजे ते दगडांवरून उड्या घेत जाईल. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून जुने टायर आणले. तो म्हणाला, "साईं, मछली खाते नहीं, जाल किसलिए?"

"टायर तरी कुठे खातो मी?" काका म्हणाले.

पहिल्या चकत्या लहान झाल्या. जाळं अडकलं, स्कूटर थांबली, काका पुढे गेले. गुडघे झटकत म्हणाले, "आधी दगडाचं ऐकून घ्यावं." चकत्या मोठ्या केल्या, तर मधल्या फटींतून निम्मे बटाटे सुटले. मग फटी कमी केल्या. वेग तोच, माळ तोच, बटाटेही तेवढेच. "नाहीतर कालच्याशी आजची तुलना कशी करणार?" असं महिनोन्महिने. गल्ली हसायची, मीही हसलो, ते आता सांगायला लाज वाटते.

शेवटी त्यांच्या मापाने जहाजावरचं जाळं बांधलं गेलं. एका दुपारी मीराचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी काकांच्या ओटीवरच होतो.

"बाबा, जाळं अख्खं वर आलं. त्या कोऱ्या जागेत आज पहिल्यांदा आकडा भरला. इथे सगळे तुमचं नाव विचारतायत."

माझीच छाती फुगली. काका मात्र चष्मा पुसत होते.

"नाव राहू दे. हात दाखव."

गेल्या खेपेला खडकात अडकलेलं जाळं सोडवताना तिच्या तळहाताला सात टाके पडले होते, हे मला तेव्हा कळलं. तिने हात पडद्यासमोर धरला. काकांनी तो बराच वेळ पाहिला.

"आता दुसरा," ते म्हणाले.