रामटेके सरांचा पोळी-क्लास

आमच्या कॉलेजातून नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोरांना रामटेके सर ‘कागदपत्रं घेतली का’ असं कधीच विचारत नाहीत. ते विचारतात, “एका बैठकीत पोळ्या किती खातोस?”

पोरगं चक्रावतं. ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर त्यानं इंग्रजीतून घोकलेलं असतं, मोठ्या भावाचा शर्ट इस्त्री करून घातलेला असतो. पोळ्यांची तयारी मात्र काहीच नसते. ते चाचरत म्हणतं, “दोन, सर.”

“दोन पोळ्यांत पुणं होत नाई बाबू. चारवर ये, मंग जाजो.”

सर भूगोल शिकवतात. शिवाय आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या प्लेसमेंट सेलचे, म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या विभागाचे, ते प्रमुख आहेत. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक कपाट आणि मनात येईल तेव्हा बंद पडणारा पंखा. मी या विभागाची एकुलती एक सदस्य. मी इंग्रजी शिकवते आणि माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे मला बाहेरचं जग ठाऊक असणार असा प्राचार्यांचा समज झाला. तो मी अजून दूर केलेला नाही.

मी रुजू झाले तेव्हा कागदोपत्री आमचं फार छान चाललं होतं. कंपन्यांची माणसं यायची, वीस-पंचवीस पोरं निवडून पुण्याकडे न्यायची. गुच्छ, फोटो, फाटकावर पोरांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स. अडचण एवढीच, की फ्लेक्सचा रंग उडायच्या आत त्यावरची पोरं बसस्टँडवर चहा पिताना दिसायची. त्याची ना कंपनीला फिकीर होती, ना विद्यापीठाला. विद्यापीठाच्या तक्त्यात ‘नोकरी लागली’ असा रकाना होता, ‘परत आला’ असा नव्हता.

सरांना मात्र चैन पडेना. नागपूरहून येणाऱ्या संध्याकाळच्या बसच्या वेळेला ते स्टँडवर जाऊन बसू लागले. बॅग घेऊन उतरणारं ओळखीचं पोरगं दिसलं की हाक मारायचे, “काऊन आला बे?” पहिल्या चहाला पोरगं सांगायचं, हवा मानवली नाई. दुसऱ्या चहाला सुपरवायझर खराब निघायचा. तिसऱ्या चहाला ते मान खाली घालून म्हणायचं, “भात नाई भेटे जी, सर.”

हा आमचा धानाचा पट्टा. इथं सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि पाहुणा आला तर जरा जास्त भात. पुण्याच्या मेसमध्ये चार पोळ्या आणि वाटीभर भात. सरांनी तीन महिने चहा पाजून हे संशोधन पुरं केलं आणि एका सकाळी माझ्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं, “मॅडम, आपल्या पोरायले इंग्रजी नाई, पोळी शिकवा लागते!” मी इंग्रजीची आणि पुण्याची, त्यामुळे मला ते दोन्हीकडून लागलं.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी पोळी-क्लास भरतो. त्याचं अधिकृत नाव ‘करिअर मार्गदर्शन व स्थैर्य उपक्रम’ असं आहे, पण ते फाइलवर. कॅन्टीनच्या कुंदाबाई प्रत्येकाला मोजून चार पोळ्या, दुधीची पातळ भाजी आणि वाटीभर भात वाढतात. चौथी पोळी संपेपर्यंत भाताला हात लावायचा नाही. सर स्वतः पंगतीत बसतात आणि आपल्या ताटापेक्षा दुसऱ्यांच्या ताटात जास्त बघतात. “पोळी पाण्यासंग गिळू नको बे, चाव! तिथी काय तुही माय बसली हाय भरवाले?”

दुसरा नियम फोनचा. घरी फोन सकाळी करायचा, संध्याकाळी मुळीच नाही. “सांजेले माणूस ढिला असते. सांजेले मायचा आवाज आयकला का सकाळी बॅग भरलीच समजा.” आणि पंधरा दिवसांचा सिद्धांत तर येता-जाता ऐकावा लागतो. “पंधरा दिवस काढ. सोळाव्या दिवशी तू त्या गावचा.”

एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली. विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी आपण काय करता, असं अध्यक्षांनी विचारलं. सरांनी त्यांना हाताला धरून कॅन्टीनमध्ये नेलं आणि पंगतीत बसवलं. अध्यक्षांनी चार पोळ्या संपवून पाचवी मागून घेतली. अहवालात त्यांनी ‘अभिनव उपक्रम’ असा शेरा दिला, कशाबद्दल ते लिहिलं नाही.

तुम्ही हसाल, मीही हसायचे. पण पोरं खरोखरच कमी परतू लागली होती. सरांची मान ताठ झाली होती.

आणि मग वैशाली आली. वैशाली मडावी, जिवतीच्या डोंगरातली. बी.एस्सी.ला वर्गात पहिली, तीन वर्षं इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहिलेली. पुण्याजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली. तिच्या गावातून इतक्या लांब नोकरीला निघालेली ती पहिलीच मुलगी. तिचे काका पहिल्यापासून विरोधात. त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं, ही परत आली तर धाकटीलाही कॉलेजात घालायचं नाही. धाकटी प्रतिमा तेव्हा बारावीत होती. म्हणजे वैशाली टिकते की नाही, यावर दोघींचं ठरणार होतं.

सरांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “पोळीचं काय सर, आमच्याकडे ज्वारीची भाकरच असते.”

सर खूश! “हिले भाताचा रोगच नाई! वरून तीन वर्षं घराबाहेर राह्यली. हे पोरगी पास.” पोळी-क्लासच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणाला तरी सूट मिळाली.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही विद्यापीठाचे तक्ते भरत बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. सरांना फोन कानाला लावून बोलणं जमत नाही, ते स्पीकर लावूनच बोलतात. त्यामुळे मीही ऐकलं.

“सर, मी परत येऊन राह्यली. उद्याची गाडी पाह्यली.”

“काऊन? जेवण खराब हाय का?”

“नाई जी. चांगलं हाय.”

“काम? साहेब?”

“सारे चांगले हायेत.” मग तिला रडू फुटलं. “मले नाई माहीत सर. मले इथी नाई राह्यचं.”

सरांचा चेहरा पडला. जेवण चांगलं, साहेब चांगला, आणि तरी पोरगी बॅग भरतेय, हे त्यांच्या सिद्धांतात कुठंच बसत नव्हतं. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं आणि एकदम विचारलं, “आज जेवली का तू?”

पलीकडून बारीक आवाजात, “नाई.”

“काल?”

“काल सकाळी.”

“पह्यले जेवून ये. मंग गाडीचं बोलू. मी इथीच बसलो हाय.”

तिच्या घरी कळवायचीही सोय नव्हती. गावात रेंज नाही. फोन लावायचा तर आईला टेकडी चढून जावं लागतं, ते रविवारी जमलं तर जमतं. आम्ही दोघं टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं सर म्हणाले, “मीबी परत आलो होतो, मॅडम.”

तरुणपणी त्यांना नाशिकला एका कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली होती. अकराव्या दिवशी ते घरी आले.

“आईले सांगितलं, भात नाई भेटे. खोटं होतं. खानावळवाला पोटभर भात वाढे. पण अकरा दिवसांत एका माणसानं मले ‘जेवला का’ म्हून विचारलं नाई. हे आईले कसं सांगाव? भाताचं सांगता येते.”

मी इथं नवीन आले तेव्हा भाजीवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे मला ‘जेवल्या का मॅडम?’ विचारायचे. मला वाटायचं, आमंत्रणच आहे. भाजीवालीकडे तर मी एकदा जायलाही निघाले होते. नंतर कळलं, की ही इथली विचारपूस आहे आणि त्यावर फक्त ‘हो’ म्हणायचं असतं. त्या संध्याकाळी मला सरांचं फार वाईट वाटलं, आणि तीन महिन्यांचे ते चहा आठवून हसूही आलं. त्यांनी आईला जे सांगितलं होतं, तेच पोरांनी त्यांना सांगितलं होतं, आणि सरांनी त्यावर विश्वास ठेवून क्लास काढला होता.

अर्ध्या तासानं फोन वाजला. “जेवली, सर.”

“पोळ्या किती?”

“तीन.”

“उद्याची गाडी राहू दे. उद्या सांजेले मी विचारतो. परवा जाजो.”

दुसऱ्या दिवशीही सरांनी ‘परवा जाजो’ असंच सांगितलं. संध्याकाळच्या फोनवर बंदी घालणारा हा माणूस रोज सात वाजता तिला फोन करून ‘जेवली का?’ एवढंच विचारायचा आणि उत्तर आलं की ठेवून द्यायचा. सोळाव्या दिवशी ती घाईघाईनं म्हणाली, “सर, उद्या आठले करजा ना. मैत्रिणीसंग बाजारात जाऊन राह्यली.”

“मॅडम, टिकली,” सर म्हणाले आणि फाइल उलटी धरून वाचू लागले.

आता विद्यापीठाच्या तक्त्यात आम्ही हातानं एक रकाना आखतो, ‘संध्याकाळी कोण विचारणार?’ बाहेर निघालेल्या प्रत्येक पोरामागे इथला एक जण नेमलेला असतो. माझ्याकडे दोन पोरं आहेत, कुंदाबाईंकडे पाच. प्रतिमा यंदा आमच्याकडेच पहिल्या वर्षाला आहे, तिच्याकडेही एक आहे. विद्यापीठानं ‘अनावश्यक रकाना’ म्हणून तक्ता दोनदा परत पाठवला. सरांनी दोन्ही वेळा तोच तक्ता नव्या पाकिटात घालून धाडला.

पोळी-क्लास मात्र चालूच आहे. सिद्धांत चुकला, मग तो कशाला, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “बुधवारी चाळीस लेकरं संग बसून जेवतात. कायले बंद करू?” सरांनी लग्न केलं नाही, आईही जाऊन बरीच वर्षं झाली. आठवड्यातून तेवढ्या एका दुपारी ते पंगतीत जेवतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात असेच आम्ही उशिरापर्यंत थांबलो होतो. सगळी विचारपूस आटोपली होती. एवढ्यात सरांचाच फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच स्पीकर न लावता, फोन कानाला घट्ट धरून ते बाहेर गेले. आले ते चष्मा पुसतच.

“कोण होतं?” मी विचारलं.

“वैशाली. मी जेवलो का म्हून विचारून राह्यली होती.”

“मग?”

“हो म्हणलं.” त्यांनी खुंटीवरची थैली काढली. “खोटं बोललो, मॅडम. आता घरी जाऊन रांधा लागते.”

आणि रोज मला फाटकापर्यंत सोडणारे सर त्या दिवशी माझ्याआधीच भराभर निघून गेले.