नोकरी पक्की, आय थिंक

नंदाबाईंनी पोराला विचारलं, "जेवलास का?" आणि भारत म्हणाला, "आय थिंक, जेवलो."

नंदाबाई हातातली परात तशीच धरून बघत राहिल्या. एकतीस वर्षांचं धडधाकट पोर, जेवलं की न्हाई हे त्याला नुसतं वाटतंय. संध्याकाळी त्यांनी त्याच्या डोक्याला बदाम तेल चोळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जालन्याचं पाणी लागलं पोराला. इसराळू झालंय."

पाणी लागलं नव्हतं. इंग्रजी लागली होती. भारत जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होता, आणि मुळात तोंडाचा सरळ. एका दुकानदाराची तक्रार आली, की तुमचं सोयाबीन उगवलं न्हाई. भारतनं त्याला तोंडावर सांगितलं, "तुम्ही पोती पत्र्याखाली उन्हात ठेवली, कोंब मेले, चूक तुमची." खरं होतं. पण खरं ऐकून घेणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. तक्रार वर गेली, आणि पुण्याहून आलेल्या साहेबीण निवेदिता मॅडम यांनी भारतला केबिनमध्ये बोलावलं.

"भारत, तू बोलतोस की धोंडे फेकतोस? वाक्याच्या आधी आय थिंक लावायचं. आय गेस, आय होप, आय अ‍ॅम अफ्रेड. समोरच्याला लागत नाही."

मोठ्या लोकांच्या इंग्रजीची ही गंमतच आहे. माणूस बोलला तर पाहिजे, पण उद्या अंगावर यायला नको. म्हणून आधी गादी टाकायची आणि मग त्या गादीवर खरं निजवायचं. भारतला बढती हवी होती. त्यानं गादी उचलली ती अशी, की ऑफिसात, एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत सगळीकडं तीच. "मिशी ठेवू का?" "आय गेस, ठेवा." न्हाव्यानं अर्धी ठेवून वाट बघितली.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग राजूरचं स्थळ आलं.

भारतच्या गावात, आष्टीत, बिनलग्नाच्या पोरांचा तुटवडा नाही, पोरींचा आहे. शेती करणाऱ्याला तर कुणी फोटोही दाखवत नाही. भारतला नोकरी होती म्हणून पाच ठिकाणी बोलणी झाली आणि पाचही ठिकाणी बारगळली. पण ही सहावी, प्रियदर्शनी, बी.एस्सी. झालेली. तिच्याशी तो एकदा फोनवर बोलला होता. पाऊण तास. तेव्हापासून तो शर्टाला इस्त्री करून झोपत होता.

रविवारी आष्टीहून जीप निघाली. रस्त्यात भारतचे वडील रखमाजी म्हणाले, "पाच तोळे अन् एक गाडी. त्याच्याखाली बोलायचं न्हाई."

भारत खिडकीतून बघत म्हणाला, "आबा, हुंडा... आय थिंक, नको."

"थिंक म्हंजी काय?"

"मला वाटतं, नको."

"तुला वाटतं. मला न्हाई वाटत. मिटलं." रखमाजींनी तंबाखू मळली. "अन् ही फिरंगी भाषा तिथं काढू नको. बाप्याची जात. हो तर हो, न्हाई तर न्हाई."

राजूरला आधी गणपतीचं दर्शन झालं आणि मग मंडळी सतरंजीवर बसली. प्रियदर्शनीचे वडील नव्हते. घर मामांच्या शब्दावर चालायचं. मामा म्हणजे सर्जेराव. थोरली भाची शीतल, तिचं लग्नही त्यांनीच जमवलं होतं आणि ते फसलं होतं. तेव्हापासून सर्जेराव स्थळ तपासायचे ते बैल तपासल्यासारखं. दात तेवढे बघायचे बाकी ठेवायचे.

पोहे आले. भारतनं चमचा उलटा धरला. घाबरला की त्याची जीभ गादी शोधायची.

"नोकरी पक्की हाये ना?" सर्जेरावांनी विचारलं.

"आय थिंक, पक्की आहे."

सर्जेरावांचा चमचा थांबला. "शेती किती?"

"आय अ‍ॅम अफ्रेड, सहाच एकर."

सर्जेरावांनी दाराकडं बघितलं. दाराआड शीतल उभी होती, बारावीपर्यंत शिकलेली. "काय म्हणून राह्यलाय गं हा?"

"भ्या वाटतंय म्हणतोय, मामा."

"आपल्याच शेतीचं?" सर्जेराव सावरून बसले. "दारू?"

इथं तरी भारतनं सरळ बोलायचं होतं. बोलायचंच होतं त्याला. पण बापाची नजर पाठीत, मामाची छातीत, आणि दाराच्या फटीत प्रियदर्शनीच्या निळ्या पदराचं टोक.

"आय होप, न्हाई."

रखमाजींनी कपाळाला हात लावला. नंदाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "न्हाई हो, पीत न्हाई. नुसतं इसरतंय ते."

"पिऊन इसरतं का न पिता?"

"नंदे, तू गप बस," रखमाजी म्हणाले.

सर्जेरावांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "पाव्हणं, राग मानू नका. पोराला नोकरी हाये का न्हाई हे पोरालाच बराबर ठाऊक न्हाई. साहेबाला फोन लावा. सगळ्यांदेखत."

भारतच्या जिवात जीव आला. त्यानं आनंदानं निवेदिता मॅडमचा नंबर लावला आणि फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा करून. त्या क्षणी त्याला एवढंच आठवलं नाही, की ही गादी त्यानं आणली कुठून.

"मॅडम, भारत तुमच्याकडं कामाला हाये ना?" सर्जेरावांनी विचारलं.

"हो, आय थिंक, चार वर्षं झाली."

सर्जेरावांनी भुवया वर केल्या. "नोकरी पक्की?"

"आय वुड से, पक्की."

"पोरगं कसंय?"

"आय मस्ट से, फार चांगला मुलगा आहे. का हो? आय होप, सगळं ठीक आहे?"

"आम्ही बी तेच होप करून राह्यलो," सर्जेराव म्हणाले आणि फोन बंद केला. "कंपनीच अंदाजावर चालू हाये. तिला सोताचा पगार तरी कोण देतं, ठाऊक असंल का?"

"पक्की आहे!" भारत अखेर ओरडला. "परमनंट आहे. कागद दाखवतो. दारू पीत न्हाई. जन्मात न्हाई."

"आत्ता पक्की झाली? फोन झाल्यावर?" सर्जेराव उठायला लागले. "चला पाव्हणं, चहा घ्या अन् निघा जल्दी. उन्हाचं जायचंय."

सहावी बोलणीही बारगळली. भारत सतरंजीची वीण बघत बसला. त्याला त्या पाऊण तासातलं तिचं हसू आठवत होतं.

तेवढ्यात शीतल दाराआडून बाहेर आली. "मामा, एक बोलू का?"

"बोल."

"आमच्या ह्यांना तुम्ही विचारलं होतं. नोकरी? पक्की. दारू? बिलकुल न्हाई. एकदाबी अडकले न्हाईत. घडाघडा बोलले. तुम्ही म्हणालात, काय मर्द गडी हाये." शीतलनं बशा गोळा करायला घेतल्या. "मी इथं दीड वर्षापासून राहून राह्यले."

सर्जेराव परत बसले.

मग आतून प्रियदर्शनीच आली, चहाचा ट्रे घेऊन. तो तिनं खाली ठेवला आणि मामांना म्हणाली, "मी फोनवर बोलले त्यांच्याशी. त्या साहेबीणबाईसारखं बोलायची सवय लागलीये त्यांना, बाकी काही न्हाई. मला चालतंय."

भारतनं चहा उचलला आणि तो त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला.

सर्जेरावांनी प्रियदर्शनीकडं एकदा बघितलं. मग रखमाजींकडं वळले. आवाज उतरला होता. "ठीक हाये. पोरीचं मन हाये तर मी आडवा येत न्हाई. पण शीतलच्या टायमाला आमचं घर धुऊन गेलंय. म्हणून आधीच इचारतो. देण्याघेण्याचं तुमचं काही मागणं न्हाई ना?"

रखमाजींनी घसा खाकरला. बायकोकडं बघितलं, आढ्याकडं बघितलं. हो म्हणावं तर स्थळ जातं, न्हाई म्हणावं तर पाच तोळे जातात. आणि अशा अडचणीत साहेब लोक काय करतात, ते त्यांना नुकतंच समोरासमोर ऐकायला मिळालं होतं.

"आय थिंक," रखमाजी म्हणाले, "न्हाई."

शीतलच्या हातातल्या बशा वाजायच्या थांबल्या.

भारतनं कप खाली ठेवला. शर्टावरून चहा अजून ठिबकत होता.

"आबा, थिंक-बिंक काही न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई. एक गुंजसुद्धा न्हाई. पाहिजे असंल तर नवरदेव दुसरा बघा."

रखमाजींनी तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. बाप्याची जात, हो तर हो, न्हाई तर न्हाई, हे सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.

नंदाबाईंनी हळूच पदरानं डोळे पुसले. पोराला सगळं आठवायला लागलं होतं.

सर्जेरावांनी बाजूला सारलेली पोह्यांची बशी पुन्हा ओढून घेतली, एक चमचा खाल्ला, सावकाश चावला.

"मला वाटतं," ते म्हणाले, "नोकरी पक्की असंल."