पॉलच्या जावयाचं घड्याळ

सांडोर गावात कोणाला मिक्सर घ्यायचा असो की शिलाई मशीन, युजीनभाऊंनी हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे द्यायची कोणाची छाती होत नसे. भाऊ ती वस्तू डाव्या तळहातावर घेत, डोळे मिटत, हात दोनदा खालीवर करत आणि निकाल देत. नियम एकच होता, जड ते चांगलं. आयुष्यभर वाडीतले केळीचे लोंगर उचलल्यामुळे त्यांच्या हाताचा अंदाज काट्यालाही लाजवायचा, असं ते स्वतःच सांगत. (त्यांनी स्वतःच्या घरासाठी निवडलेला पंखा इतका जड होता की छताचा हूकच वाकला. तेव्हापासून पंखा माळ्यावर आहे. भाऊंच्या मते यात दोष हुकाचा.)

तर अशा या भाऊंकडे शेजारचा पॉल एक डबी घेऊन आला. पॉलच्या प्रिन्सीचं लग्न नायगावच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या ग्लेनशी ठरलं होतं, आणि जावयाला द्यायला त्याने एक उंची स्मार्टवॉच आणलं होतं. तेवढ्या पैशांत स्कूटर आली असती. लग्न पाच दिवसांवर होतं आणि घड्याळ आठवड्याच्या आत परत करायची सोय होती, म्हणून भाऊंचा शब्द हवा होता.

भाऊंनी घड्याळ तळहातावर घेतलं, डोळे मिटले, हात दोनदा खालीवर केला. मग डोळे उघडून घड्याळ हातावर आहे की पडलं, ते पाहिलं.

"पॉल, यात काहीच नाही रे. पोकळ आहे."

"टायटॅनियम आहे, भाऊ. हलकं म्हणूनच महाग."

भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. हलकं म्हणून महाग! (वेलची केळी लहान असूनही महाग जातात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते आठवण्याची त्यांची तयारी नव्हती.) नको म्हणावं तर जावयापुढे पॉलचा मान जाणार, हो म्हणावं तर आपला नियम जाणार. इथे चुकलो तर उद्या साधा कुकर घेतानाही आपल्याला कोणी विचारणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. पण गडबडतील ते युजीनभाऊ कसले! वापरून बघितल्याशिवाय आपण मत देत नाही, लग्नापर्यंत घड्याळ आपल्या मनगटावर राहील, असं त्यांनी जाहीर केलं. पॉलने मान डोलावली. भाऊंपुढे तो दुसरं काय करणार?

दुसऱ्याच्या जावयाचं घड्याळ घालून फिरताना लाज कशी वाटत नाही, असं त्यांच्या बायकोने, क्लेमेंटीनबाईंनी, त्यांना विचारलं. भाऊ म्हणाले, ही परीक्षा आहे, आणि परीक्षा म्हणजे घड्याळ सांगेल ते निमूटपणे ऐकायचं.

आणि घड्याळ बरंच काही सांगत होतं. जरा वेळ बसलं की ते मनगटाला गुदगुल्या केल्यासारखं थरथरायचं आणि उभं राहा म्हणायचं. भाऊ लगेच उभे राहत. जेवताना वाटी हातात घेऊन उभे राहत, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना उभे राहत. दोन दिवसांत त्यांना घड्याळाकडे बघायचीही गरज उरली नाही. मनगट थरथरलं की पाय आपोआप सरळ होऊ लागले.

"इतकी वर्षं मी उठा उठा म्हणून घसा कोरडा केला," क्लेमेंटीनबाई म्हणाल्या, "आणि ह्याने नुसता हात लावला तर उठताय."

वाडीतही घड्याळ बरोबर असे. तिथे केळीचं पान कापताना पांढऱ्या पट्ट्यावर चीक उडाला. केळीच्या चिकाचा डाग म्हणजे जन्माचा सोबती. भाऊंनी साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेलही लावून पाहिलं. डाग जास्तच उठून दिसायला लागले. आता घड्याळ परत करायची वाटच बंद झाली आणि निकाल आपोआप लागला. घड्याळ उत्तम आहे, त्यांनी पॉलला कळवलं, आवाजात जराही कंप न आणता.

लग्नाच्या दिवशी भाऊ सूट घालून देवळात पहिल्या बाकावर बसले. घड्याळ संध्याकाळी रिसेप्शनला द्यायचं होतं, त्यामुळे सकाळच्या मिस्सापुरतं, म्हणजे देवळातल्या लग्नविधीपुरतं, ते त्यांच्याच मनगटावर होतं. प्रिन्सीच्या ऑफिसची बरीच मंडळी आली होती. पुढे त्यांचे साहेब रमेश देवरुखकर आणि त्यांच्या मिसेस सुनंदाताई. मिस्सात कधी उठायचं, कधी बसायचं हे यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. पॉलने त्यांना सोपा उपाय सांगून ठेवला होता. ते पहिल्या बाकावरचे युजीनभाऊ आहेत ना, ते उठले की उठा, बसले की बसा.

फादर इग्नेशियस यांचं प्रवचन सुरू झालं. फादर माणूस देवासारखा, पण लग्नाचं प्रवचन ते आदाम आणि एवेपासून सुरू करत आणि वाटेत कोणालाही गाळत नसत. नोहाची नाव पाण्याला लागेपर्यंत भाऊंचे डोळे मिटले. तेवढ्यात मनगट थरथरलं.

भाऊ ताडकन उभे राहिले. त्यांच्यामागे देवरुखकर साहेब उठले. साहेब उठले म्हटल्यावर सगळं ऑफिस उठलं. त्या आवाजाने पेंगणारे गावकरी दचकले आणि प्रवचन संपलं असं समजून तेही उठले. शेवटी नवरानवरीही उठली. फादर नोहाला तसंच पाण्यात सोडून सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"बरं," ते म्हणाले, "एवढी घाई असेल तर लग्नच लावतो."

जेवण गरम असताना लोक पंगतीला बसले, असं त्या गावात कित्येक वर्षांनी घडलं. जो तो येऊन भाऊंचा हात हातात घेत होता. संध्याकाळी पॉलने डबी दिली, तेव्हा ग्लेनने पट्ट्यावरचे तपकिरी ठिपके बोटाने चाचपून पाहिले आणि अशी डिझाईन आपण कुठेच बघितली नाही, असं म्हणाला.

"हाताचं काम आहे," भाऊ शांतपणे म्हणाले. "प्रत्येक पट्टा वेगळा."

ग्लेनने तो पट्टा सगळ्या मित्रांना दाखवला. पॉलच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंना मात्र आता वेगळाच विचार सुचला होता. घड्याळाने केलं काय? नुसतं मनगट थरथरवलं. देऊळ उठलं ते कोणाकडे बघून? मग किंमत कोणाची, त्या टायटॅनियमची की आपली? आठवडाभर त्यांनी हा हिशेब भेटेल त्याला समजावला. आपण उठलो की सांडोर उठतं, हे ते इतक्या खात्रीने सांगत की काही जणांना ते पटलंही.

पुढच्या रविवारी फादर पुन्हा रंगात आले. या वेळी मोझेस लाल समुद्रापाशी पोचला होता आणि पलीकडे जाण्याची त्याला काही घाई नव्हती. मागे कोणीतरी खोकलं, कोणीतरी बाक करकरवलं. भाऊ टक्क जागे होते. सगळं गाव आपल्या पाठीकडे आशेने बघतंय, हे त्यांना जाणवलं. त्यांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि सावकाश, भारदस्तपणे उभे राहिले.

मागे काहीच हललं नाही. भाऊंनी थोडी वाट पाहिली. मग हळूच मान वळवली. सगळं देऊळ जागच्या जागी बसून त्यांच्याकडे बघत होतं. पॉलने तर नजर खाली घातली होती.

फादरांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "युजीन, घड्याळ ग्लेनकडे गेलं ना?"

"हो, फादर."

"मग बसा."

भाऊ बसले. आख्खं देऊळ खुदखुदत असताना क्लेमेंटीनबाईंनी शेजारून त्यांचं मोकळं मनगट आपल्या तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि हात दोनदा खालीवर केला.

"हलकं आहे," त्या म्हणाल्या. "पण टायटॅनियम नाही."