हिरड्यांची नोटीस

फुलाबाईच्या हिरड्यांनी दात सोडण्याची पंधरा दिवसांची नोटीस दिली होती, आणि गल्लीत एकाही बाईचा तिच्यावर विश्वास बसेना.

हिरड्या नोटीस देतात यात कुणाला नवल नव्हतं. "पण तुझ्या?" जाऊ इठाबाई म्हणाली. "दिसातनं चारदा मशेरी लावतीस. तुझ्या तव्यावरच्या मशेरीवर तर आमची सगळ्यांची तोंडं चालल्यात."

"मग सकाळी थुंकीत रगत का येतं गं? आन् डोळं कुठं गहाण टाकलंस?"

नोटीस खालच्या पुढच्या चार दातांपुरती होती. पण सोमवारच्या बाजारात मेथी विकताना फुलाबाईची हाळी वेशीपर्यंत जायची, ती त्याच चौघांच्या जोरावर. ते गेले की हाळीत नुसता वारा. बारा दिवस तिनं वाट पाहिली, दुखलं की मशेरी वाढवली. तेराव्या दिवशी पदर खोचून ती तंटामुक्ती समितीपुढं उभी राहिली. मागनं गल्लीतल्या दहा बायका आल्या, मजा बघायला.

अध्यक्ष हैबती आण्णांनी चष्मा लावला. "अर्जदार हजर आहेत?"

फुलाबाईनं आ वासला. ग्रामसेवकानं बॅटरी मारून हिरड्यांची हजेरी लावली.

"आमची तक्रार दातांबद्दल नाही," हिरड्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या जागेत कुणीतरी घुसलंय."

तालुक्याहून दातांच्या डॉक्टरीणबाई पंचनाम्याला आल्या होत्या. त्यांनी बारीक सळईनं माप घेतलं. "कीटण आहे. मुळापर्यंत बसलंय. म्हणून हिरड्या सुजल्या, मागं सरकल्या. मी खरवडून काढते. मग मऊ ब्रश, दोन वेळा. आणि मशेरी आजपासून बंद. मावशी, ती दुखणं बधिर करते आणि आतून खात राहते."

हिरड्यांनी विचाराला पाच मिनिटं मागितली. सभेनं चहा घेतला.

"नोटीस मागं घेतो," हिरड्या म्हणाल्या. "सोडलेली जागा परत धरता येणार नाही. पण आहे तिथनं हलणार नाही."

फुलाबाईनं अशी टाळी वाजवली की आण्णांचा कप हिंदकळला. तेवढ्यात इठाबाईच्या तोंडातनं कुणीतरी परवानगी न घेता बोललं, "आमचाही अर्ज घ्या." मग तिच्या शेजारणीच्या. मग पलीकडच्या म्हातारीच्या, तिच्या हिरड्या तर उरलेल्या दोन दातांपुरत्याच होत्या. ग्रामसेवकाला कागद पुरेनात. फुलाबाईचा धरून एकूण अकरा अर्ज झाले.

"आता पटलं का गं सटव्यांनो?" फुलाबाई आनंदानं नाचायचीच बाकी होती. "मी बोंबलत होते तवा तुम्ही दात काढत होता! आण्णा, ही मशेरी गल्लीत कोण वाटतंय त्याचं नाव लिवा. असंल तो असंल, चावडीवर उभा करा त्याला!"

"नाव लिहिलेलं आहे," ग्रामसेवक म्हणाला. "अकराही अर्जांत एकच."

इठाबाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

"मग वाचा की मोठ्यानं! वेशीपर्यंत गेलं पाहिजे!"

ग्रामसेवकानं घसा साफ केला आणि वाचलं, "फुलाबाई सदाशिव वाघमोडे."