गुंडूअण्णांची पालथी खुर्ची

दुपारी एक वाजला की आमचे गुंडूअण्णा आपली खुर्ची उचलून टेबलावर पालथी घालतात. कोप्पीकर रोडवरच्या आमच्या विम्याच्या ऑफिसात नवीन आलेल्याला वाटतं, झाडलोट चालली आहे. तसं काही नसतं. अण्णा जेवायला निघालेले असतात.

"खुर्ची सरळ दिसली की कुणी तरी येऊन फाईल पुढं करतंय बघा. मोदल ऊट री!" म्हणजे, आमच्या इकडच्या कानडीत, आधी जेवण. हे त्यांनी ग्राहकांनाच काय, फोनवर हेड ऑफिसलाही ऐकवलंय.

पूर्वी आम्ही एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर चालवायचो. ड्रॉवरमध्ये पित्ताच्या गोळ्या आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले. अण्णांनी एकेकाला दंडाला धरून गच्चीवर नेलं, सतरंजीवर बसवलं आणि दंडक घातला, जेवताना कामाचं नाव काढायचं नाही. आमच्या सरोजाक्कांनी एकदा क्लेमचा विषय काढला, तर अण्णांनी त्यांची शेंगाचटणीच जप्त केली! आता ड्रॉवरमध्ये गोळ्यांऐवजी बडीशेप असते. दुसऱ्या शाखेतले लोक आमचे चेहरे बघून विचारतात, तुमच्याकडे काम कमी दिसतंय? मी ताठ मानेने सांगतो, काम तेवढंच आहे, पण आमच्याकडे गुंडूअण्णा आहेत.

मध्यंतरी नवे साहेब आले. आल्या आल्या फर्मान निघालं, यापुढे जेवण जागेवरच, नाही तर बदली. एक वाजला. अण्णांनी खुर्ची पालथी घातली आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, उठा की जरा. तुमची पण पालथी घालतो."

"अण्णा, मी बदलीचं बोललोय."

"करा की री. जाईन तिथं पण खुर्ची असेलच. पण चेहरा बघा तुमचा, किती सुकलाय."

साहेब उणकलच्या नव्या वसाहतीत एकटेच राहायचे, रोज हॉटेलचं पार्सल खायचे. काय वाटलं कोण जाणे, उठले. गच्चीवर अण्णांच्या डब्यातली भाकरी आणि भरली वांगी त्यांनी मान खाली घालून खाल्ली. फर्मानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. त्या दिवशी मला आमच्या ऑफिसचा जो अभिमान वाटला, तो बढती मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

परवा रविवारी सहज मळमड्डीत अण्णांच्या घरी गेलो. वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. दार उघडंच होतं. अण्णा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवत होते, आणि जेवणाच्या टेबलावर साऱ्या खुर्च्या पालथ्या.

"अण्णा, हे काय? आज तर रविवार!"

"ही गेल्यापासून तशाच आहेत री. एकट्याला कशाला खुर्ची? उभ्या उभ्या उरकतं." मग नेहमीसारखं विचारलं, "ऊट आतेन री? झालं जेवण?"

घरून भरपेट जेवून आलो होतो. "नाही हो झालं अजून," म्हणालो आणि दोन खुर्च्या खाली काढल्या.

अण्णा लगबगीने हात धुवायला वळले. "बसा की, बसा," ते म्हणाले, "दुसरं ताट माळ्यावर आहे, काढतो."