खालून वर वाचणारे टिपरेकाका

टिपरेकाका सगळं खालून वर वाचतात. लग्नपत्रिका हातात आली की आधी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’, मग वधूवर, आणि श्रीगणेश सगळ्यात शेवटी. हॉटेलात मेनूकार्ड गुलाबजामपासून सुरू. असते एकेकाची सवय, म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण मी पडले फार्मासिस्ट! त्यांच्या गोळ्यांच्या डबीवर मी स्वतः कागद चिकटवला होता. वर सकाळची, लघवी होण्याची. खाली रात्रीची, झोपेची. काकांनी खालून सुरुवात केली. तीन दिवस हा गृहस्थ दिवसभर घोरत होता आणि रात्रभर संडासाला खेपा घालत होता. मी चिडले तर मलाच म्हणतात, “केमिस्टबाई, तुम्ही उलटं लिहिलंत!”

इकडे परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरात, आमच्या शेजारी, भाड्याच्या घरात, काका त्यांच्या लेकीकडे राहतात. मधुराकडे. साताऱ्यात त्यांचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी कुमुदकाकूंना घेऊन ते इंग्लंडच्या ग्रुप टूरला गेले, तिथल्या एका कॅथीड्रलमधल्या रंगीत काचा त्यांनी पाहिल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या मागे साडेसाती लागली. सातआठशे वर्षांपूर्वीच्या त्या खिडक्यांत म्हणे चित्रांतून गोष्टी सांगितलेल्या असतात, आणि त्या वाचायच्या खालून वर. “आणि तळाशी कोण? ज्यांनी खिडकी दिली ते! सुतार, पाववाले. आपल्या देवळात पंख्यावर देणगीदाराचं नाव असतं ना, तसं.”

कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिडक्यांची तपासणी. मी कौतुकानं डबल ग्लेझिंग करून घेतलं, तर त्यावर टिचकी मारून म्हणाले, “दोन दोन काचा, आणि जीव एकीतही नाही.” इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, याबद्दलही त्यांची तक्रार आहे. कुणाकडे करायची ते फक्त अजून ठरलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काकांनी मधुराच्या स्वयंपाकघराची खिडकीच रंगीत करायला घेतली. जिलेटीनचे कागद आणले, खऱ्या खिडक्यांत काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांच्या जागी काळी चिकटपट्टी लावली, आणि महिनाभर खपून खिडकी उभी केली. कडेला थोडा लाल, थोडा पिवळा, बाकी सगळं निळं. “काका, अहो पोहे निळे दिसतात!” मी म्हटलं. “मग डोळे मिटून खा,” म्हणाले.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मधुरा रडवेली होऊन कुंपणाशी आली. गुरुवारी घराचं इन्स्पेक्शन होतं. प्रॉपर्टी मॅनेजरनं मागच्याच वेळी बजावलं होतं की काचेवर चिकटवलेलं सगळं निघालं पाहिजे, नाहीतर घर पुढे मिळणार नाही. “ताई, बाबांना हीप्स टाइम, अगदी शंभरदा सांगून झालं. ऐकतच नाहीत. तू बोल ना.”

मी गेले. चार वाजले होते. काका ओट्याशी उभे होते आणि खिडकीपाशी एक खुर्ची रिकामी होती. म्हटलं, बसून नीट समजावू. खुर्ची ओढली मात्र—

“तिथे नको!”

माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते. मी दचकून मागे झाले. खुर्चीच्या बैठकीवर बरोबर मधोमध निळा उजेड पडला होता.

“टूरवाल्यानं चाळीस मिनिटं दिली होती,” काका हळूच म्हणाले. “हिचे गुडघे दुखत होते, ही खाली बाकावर बसली. मी आपला मान वर करून पळतोय. हिनं हाक मारली, ‘अहो, बघा ना, माझ्या पदरावर कसं निळं पडलंय!’ मी म्हटलं, ‘थांब गं, वर बघतोय.’ मग बसची वेळ झाली. दीडशे फोटो काढले, केमिस्टबाई. सगळे काचेचे. हिचा एक नाही. त्या दिवाळीच्या आत ही गेली.”



“खालून वाचायचं असतं,” ते म्हणाले. “मी वरून सुरुवात केली.”

मला रडूच फुटलं. समजावायला आलेली मी, नाक पुसत म्हणाले, “काका, ही खिडकी माझ्याकडे न्या. माझं घर बँकेचं आहे, पण बँक काही स्वयंपाकघर बघायला येत नाही.”

बुधवारी आम्ही दोघांनी एकेक कागद नखानं सोडवला आणि माझ्या खिडकीला लावला. “दोन काचांतून काय डोंबल उजेड येणार,” हे काकांचं चालूच होतं. आला. खुर्चीही आली. गुरुवारी मॅनेजर मधुराच्या कोऱ्या काचेकडे बघून ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम झकास, म्हणाला आणि गेला.

आता ऊन असलं की काका चारला येतात. खिडकीकडे बघतसुद्धा नाहीत. खुर्चीसमोर चहा घेऊन बसतात, मधूनच काहीतरी पुटपुटतात. मी तेव्हा मुद्दाम भांडी घासायला घेते.

काल माझी मैत्रीण आली. “अय्या, काय सुंदर खिडकी!” म्हणत, मान वर करून, मागे न बघता खुर्चीत बसायला गेली.

“तिथे नको!” या वेळी मी ओरडले.