नागभीडचे घर मंडईत फत्ते केले त्याची हकीकत

शब्द देणारे पुष्कळ, पाळणारे थोडके; त्या थोडक्यांच्या स्मरणार्थ हा मजकूर सादर लिहिला असे.

नागभीड कसब्यात अंगणवाडीच्या सेविका, अखंडलक्ष्मीअलंकृत सुगंधाबाई भाड्याच्या खोलीत राहत. घरमालकाचे फर्मान ऐसे की, भाडेकऱ्याकडे पाहुणा मुक्कामास राहू नये. सख्खी बहीण साधनाबाई आरमोरीहून येई ती शेवटच्या एसटीने परत जाई, आणि बाई बसस्टँडवर उभ्या राहून रडत. तेव्हा बाईंनी पण केला की, मरण्याअगोदर चार पाहुणे निजतील ऐसे घर करावे.

मग धानाचे मातबर व्यापारी सोमाजीभाऊ यांचे रिकामे घर हेरिले, मसलत जाहली, चहा जाहला, अठरा लाखांवर कौल ठरला, बँकेचे कर्ज मंजूर जाहले आणि खुशीत येऊन भाऊ बोलून गेले, “बाई, आता आपून सोयरे झालो. मंडईले साऱ्यायले घेऊन आमच्या घरी या.”

पुढे भाऊ पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटवीत उभे असता कोणी बातमी दिली की, जागांचे भाव चढले. सायंकाळीच हुकूम सुटला की, घर वीस लाखांचे. बाईंनी विनवण्या केल्या, वकील धाडिले, भाऊ बधले नाहीत. बाईंस फार दुःख जाहले, एक सांज जेवल्या नाहीत. दुसरे दिवशी जेवल्या आणि मसलत सुचली.

दिवाळी सरली, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली. या झाडीपट्टी मुलखाचा रिवाज ऐसा की, मंडईच्या पाहुण्यास मटण-भात घालावा, रात्री नाटकास न्यावे आणि केव्हा जाता हे पुसू नये. पुसले की इभ्रत बुडाली. बाईंनी तमाम आप्त ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरले आणि सोमाजीभाऊंच्या राहत्या घरावर चाल केली. भाऊ दारात येतात तो फौज पाय धुवीत होती.

“हे काय, बाई?”

“तुमीच तं बोलावलं, भाऊ. सोयरे आहो ना आपून?”

वेढा अपूर्व. आजवर वेढ्यात गडकरी उपाशी मरत. येथे वेढा घालणारे जेवत आणि गडकरी रसद पुरवीत. बोकड पडला, मग कोंबडे पडले, मग तांदळाचे कट्टे पडले. मंडई उठली, दुकाने गेली, फौज हलेना. घराचा विषय कोणी काढिला नाही. जो तो रस्सा वाढून घेई आणि भाऊंच्या पत्नी कमलाबाई यांच्या हाताची तारीफ करी. अखेर कमलाबाई झारा उगारून पतीवर चालून गेल्या.

“काऊन हावरटपणा करून राह्यले? अठरा तं अठरा! देऊन टाका त्यायले घर, मंग तरी जातीन आपल्या घरी!”

भाऊ शरण आले. तह जाहला, कचेरीत अठरा लाखांवर सह्या जाहल्या, किल्ल्या हाती आल्या आणि फौज तेथून उठली ती थेट नव्या घरात उतरली. मागोमाग भाऊंस घेऊन कमलाबाईही आल्या, म्हणाल्या, “आता तुमच्या हातचं खाऊन पाहू.”

येणेप्रमाणे नागभीडचे घर फत्ते जाहले. पाहुण्यांनी ते ऐसे भरले की, मालकिणीस पाठ टेकावयास जागा उरली नाही. सुगंधाबाई ओट्यावर चादर अंथरून निजल्या, आणि आतून साधनाबाईंचे घोरणे ऐकत फार सुखी होत्या.